नव्या प्रमुख धर्मगुरूंचा पहिला रविवार: एका धर्मग्रामस्थाचा अभिप्राय

बिशपांनी आमच्या कॅथलिक धर्मग्रामात (पॅरिशमध्ये) नेमलेल्या नव्या प्रमुख धर्मगुरूंनी पहिल्याच रविवारच्या मिस्सामध्ये, म्हणजे चर्चमधील सामूहिक उपासनेत, स्वतःची ओळख करून दिली आणि मिस्सा संपल्यावर दाराशी एक छापील परिचयपत्रकही वाटण्यात आले. या दोन्हींविषयीचा हा अभिप्राय आहे. बोलून दिलेला परिचय उत्तम होता. पत्रकाबद्दल तसे म्हणता येत नाही.

सर्वांत जमून आलेली गोष्ट म्हणजे परिचयासाठी निवडलेली वेळ. प्रवचन हे त्या दिवशी वाचलेल्या बायबलमधील उताऱ्यांसाठी असते, परंतु नवे धर्मगुरू पुष्कळदा तेथेच आपले बालपण, सेमिनरीतील (धर्मगुरू घडवणाऱ्या संस्थेतील) वर्षे आणि गुरुदीक्षेची हकिकत सांगू लागतात व शुभवर्तमान (येशूच्या जीवनाविषयीचा उतारा) बाजूला राहते. या फादरांनी प्रवचन शुभवर्तमानापुरतेच ठेवले आणि स्वतःविषयी जे सांगायचे ते ख्रिस्तप्रसादानंतरची प्रार्थना झाल्यावर, म्हणजे उपासनेच्या नियमांनी सूचनांसाठी राखलेल्या वेळी, सांगितले. प्रवचन ८ मिनिटांपेक्षा लांबू नये, असे पोप फ्रान्सिस यांनी २०२४ मध्ये म्हटले होते. त्या कसोटीलाही ते उतरले.

परिचयात पदव्यांचा उल्लेख ओझरता होता. त्याऐवजी त्यांनी सांगितले की पहिले काही आठवडे ते कोणताही बदल करणार नाहीत, घरोघरी भेटी देतील आणि त्यांची सुरुवात अंथरुणाला खिळलेल्या माणसांपासून करतील. १९८३ च्या कॅनन लॉचे (कॅथलिक चर्चच्या कायद्याचे) ५२९ वे कलम प्रमुख धर्मगुरूकडून नेमकी हीच अपेक्षा करते: आपल्या माणसांना ओळखावे, कुटुंबांना भेटावे, आजारी व मरणासन्न व्यक्तींची विशेष काळजी घ्यावी. कलमाचा दाखला न देता ही जबाबदारी साध्या शब्दांत मांडली गेली, हे मला अधिक आवडले. प्रत्येक रविवारी व बंधनकारक सणाच्या दिवशी एक मिस्सा आपल्याकडे सोपवलेल्या लोकांसाठी अर्पण करणे हे प्रमुख धर्मगुरूचे कर्तव्य असते, हेही त्यांनी समजावले. वर्षानुवर्षे मिस्साला येणाऱ्या अनेकांना ही गोष्ट ठाऊक नसते, हे आजूबाजूच्या चेहऱ्यांवरून कळत होते. आधीच्या फादरांचे त्यांनी एका वाक्यात आभार मानले आणि तुलनेला वाव ठेवला नाही.

उणीव राहिली ती कारभाराच्या बाबतीत. धर्मकार्यात सल्ला देणारे पाळकीय मंडळ असावे की नाही हे बिशप ठरवतात, परंतु पैशाच्या कारभारात मदत करणारी अर्थसमिती प्रत्येक धर्मग्रामात असणे त्याच कायद्याच्या ५३७ व्या कलमानुसार अनिवार्य आहे. नवा माणूस सूत्रे हाती घेतो तेव्हा सध्याची समिती पुढे चालू राहणार का आणि हिशेब लोकांसमोर केव्हा मांडला जाणार, हे प्रश्न मनात येतातच. त्यावर एक शब्दही आला नाही. पहिल्या दिवशी पैशाचा विषय नको, असा संकोच त्यामागे असेल. तरीही दोन वाक्यांत तो निभावता आला असता.

पत्रक मात्र दुसऱ्याच कोणीतरी घाईने जुळवलेले वाटते. अर्धे पान छायाचित्राने व्यापले आहे आणि उरलेल्या जागेत, फादरांनी बोलताना ज्याला महत्त्व दिले नाही, ती शिक्षणाची व पूर्वीच्या नेमणुकांची यादी भरली आहे. कार्यालयाची वेळ दिली आहे. पापनिवेदनासाठी ते केव्हा बसतील याचा उल्लेख नाही. रात्री-अपरात्री एखाद्या रुग्णाला रुग्णाभ्यंग संस्कार (आजाऱ्याला पवित्र तेल लावून करायची प्रार्थना) द्यायचा झाल्यास नातेवाइकांनी कोणाला हाक मारावी, याचाही पत्ता नाही. पत्रक पुन्हा छापले जाणार असेल तर छायाचित्र लहान करावे आणि या दोन गोष्टी वरच्या बाजूला, वृद्धांना चष्म्याशिवाय वाचता येतील अशा ठळक अक्षरांत द्याव्यात.