मांजराला हार्टवर्मचं औषध : मानेवर थेंब की तोंडातून गोळी? ह्यूस्टनवाल्यांसाठी

परवा आमच्या इथल्या मराठी ग्रुपवर एकीने विचारलं की नुकतंच मांजर आणलंय, व्हेट हार्टवर्मचं, म्हणजे हृदयात वाढणाऱ्या जंताचं, औषध सुरू करा म्हणतोय, पण आमचं मांजर तर अपार्टमेंटच्या बाहेर पाऊलही टाकत नाही मग कशाला पैसे घालवायचे. मीही पहिल्या वर्षी असंच म्हटलं होतं. पुण्यात आईकडे कायम मांजरं होती, जंताचं औषध आणि रेबीजची लस एवढंच माहीत, हार्टवर्म हा शब्द मी इथे टेक्सासात आल्यावर ऐकला.

पण हा जंत डासामार्फत येतो, आणि ह्यूस्टनमधला डास दाराची बेल वाजवून येत नाही. कधीच बाहेर न गेलेल्या मांजरांमध्येही तो सापडलाय. कुत्र्यांच्या मानाने मांजरात जंत कमी असतात, बहुतेक वेळा एक ते तीन, पण मांजराचं हृदयच केवढंसं, आणि जंत पूर्ण वाढायच्या आधीच फुफ्फुसांना सूज येते, खोकला, धाप, उलट्या, लोकांना वाटतं दमा आहे किंवा केसांचा गोळा अडकलाय. कधीकधी तर काहीच लक्षण नाही आणि मांजर एकदम जातं. कुत्र्याचे जंत मारायला इंजेक्शन आहे, ते मांजराला विषारी ठरतं, म्हणजे झाल्यावर जंत मारायचा मंजूर इलाज नाहीच. म्हणून आम्ही ठरवलं की प्रश्न द्यायचं की नाही हा नाहीये, कुठलं द्यायचं हा आहे.

आता गोळी. आयव्हरमेक्टिनची चघळायची किंवा मिल्बेमायसिनची गोळी, महिन्यातून एकदा, 6 आठवड्यांच्या पिल्लापासून चालते. हार्टवर्म आणि पोटातले काही जंत यावर काम करते, पिसवांवर नाही, गोचिडांवर तर नाहीच. अंगाला काही चिकटत नाही हा फायदा, घरात रांगतं बाळ असेल तर मोठाच. पण गोळी पोटात गेली की सोफ्याखाली थुंकली हे कळायला हवं ना! आमचा गोट्या गोळी गालात धरून पाच मिनिटं साधूसारखा बसतो. त्यामुळे आमच्याकडे गोळी बाद.

मग थेंब. मानेच्या मागे केस बाजूला करून कातडीवर पिळायचे, जिथे जीभ पोचत नाही तिथे. रेव्होल्यूशन नावाचं औषध महिन्याचं, हार्टवर्म, पिसवा, कानातले माइट्स (बारीक किडे) आणि पोटातले जंत यांवर, 8 आठवड्यांपासून. ॲडव्हान्टेज मल्टी साधारण तेवढंच काम करतं, 9 आठवड्यांपासून. दोन्ही गोचिडांवर चालत नाहीत. गोचिडांवरही हवं असेल तर रेव्होल्यूशन प्लस. नेक्सगार्ड कॉम्बो त्याच्याही पुढे, पिसवा गिळून होणारे चपटे जंतसुद्धा मारतं. ब्रॅव्हेक्टो प्लस दोन महिन्यांतून एकदा, पण मांजर 6 महिन्यांचं तरी हवं. विसरभोळ्यांना ते मोहात पाडेल, मलाही पाडलं होतं, पण खरं सांगायचं तर दर महिन्याच्या 1 तारखेला भाड्याबरोबर थेंब हे लक्षात राहतं, दोन महिन्यांचं म्हटलं की मी नक्की गोंधळ घालणार. शेवटच्या तिन्हींत जे पिसवा-गोचिडांचं औषध आहे त्या गटाबद्दल एफडीएने (अमेरिकेची औषधांवर देखरेख करणारी सरकारी संस्था) 2018 मध्ये फिट्सचा इशारा दिला होता, तेव्हा मांजराला आधी कधी फिट आली असेल तर व्हेटला आधी सांगा, तिथे साधं रेव्होल्यूशन बरं.

आम्ही शेवटी साध्या रेव्होल्यूशनवर आलो, मांजरं घरातच असतात आणि गोचीड आणणारा कुत्रा घरात नाही म्हणून. तुमच्याकडे कुत्रा असेल, अंगण असेल, तर रेव्होल्यूशन प्लस किंवा नेक्सगार्ड कॉम्बो घ्या, जास्तीचे पैसे वाया नाहीत. दोन मांजरं असतील तर थेंब वाळेपर्यंत वेगवेगळ्या खोलीत ठेवा, आमची चिंगी गोट्याची मान चाटायला गेली आणि तासभर तोंडातून फेस गाळत बसली, रात्री अकराला व्हेटला फोन.

आणि एक, कुत्र्याच्या ट्यूबमधलं अर्धं मांजराला असला हिशोब अजिबात नको. कुत्र्यांच्या काही थेंबांत परमेथ्रिन हे कीटकनाशक असतं, ते मांजराच्या जिवावर बेततं.

हार्टवर्मची ही सगळी औषधं इथे प्रिस्क्रिप्शनशिवाय मिळत नाहीत. वजनावरून ट्यूब ठरते, रेव्होल्यूशन प्लसमध्ये 11 पौंडांच्या वर गेलं की पुढची साइझ, तेव्हा आधी वजन करा. थंडीत बंद करायचं का, तर नाही, औषध मागच्या महिन्यात शिरलेल्या अळ्या मारतं, पुढच्या महिन्याचं कवच नाही ते. शिवाय ह्यूस्टनच्या डिसेंबरात मी स्वतः बाल्कनीत डास मारलेत.