पॉइंट ठेवावेत की इलेक्ट्रॉनिक बसवावं? जुन्या ट्रकच्या इग्निशनपुढचा पहिला प्रश्न

जुना पेट्रोल ट्रक हाती आला, बॉनेट उघडलं, डिस्ट्रिब्युटरची (प्रत्येक प्लगला ठिणगी वाटणाऱ्या भागाची) कॅप काढली की आत एकमेकींना टेकलेल्या दोन छोट्या टिकल्या दिसतात. हे पॉइंट. एक जण सांगतो, "घासून घे, गॅप लाव, पळेल." दुसरा सांगतो, "कशाला त्या भानगडीत पडतोस? काढून टाक आणि इलेक्ट्रॉनिक बसव." खोटं कुणीच बोलत नाही, पण दोघंही अर्धंच सांगतात. (डिझेल ट्रकवाल्यांनी इथूनच परत फिरावं. त्या इंजिनात ठिणगीचं कामच नाही.)

आधी पॉइंट करतात काय ते पाहू, कारण निवड त्यावरच ठरते. पॉइंट मिटलेले असतात तेव्हा बॅटरीचा करंट कॉइलच्या (व्होल्ट वाढवणाऱ्या भागाच्या) प्रायमरी गुंडाळीतून वाहतो आणि कॉइलमध्ये चुंबकीय क्षेत्र तयार होतं. डिस्ट्रिब्युटरच्या शाफ्टवरच्या कॅमने पॉइंट उघडले की करंट तुटतो, क्षेत्र कोसळतं आणि सेकंडरी गुंडाळीत हजारो व्होल्ट उठतात. ते रोटरमार्गे (कॅपखालच्या फिरत्या तुकड्यामार्गे) प्लगपर्यंत जातात. म्हणजे ठिणगी पडते ती पॉइंट उघडताना, मिटताना नाही. सहा सिलिंडरचं इंजिन ३००० आरपीएमवर असेल तर हे मिनिटाला ९००० वेळा, सेकंदाला १५० वेळा घडतं. चार्ल्स केटरिंग यांची ही पद्धत १९१० च्या सुमारास कॅडिलॅक गाड्यांत आली आणि पुढे साठ-एक वर्षं टिकली. अमेरिकेत क्रायस्लरने १९७३ मध्ये आणि जनरल मोटर्सने १९७५ मध्ये आपल्या गाड्यांतून पॉइंट काढून टाकले.

आता इलेक्ट्रॉनिक किट. कॅपखाली मावणारं किट बदलतं फक्त तो स्विच. पॉइंट आणि कंडेन्सर (पॉइंट उघडताना त्यांच्यात ठिणगी पडू न देणारी छोटी डबी) निघतात. त्यांच्या जागी शाफ्टवर चुंबकाची कडी आणि प्लेटवर सेन्सर असलेलं मॉड्यूल बसतं. कॅप, रोटर, हाय टेन्शन वायरी, प्लग, आत फिरणारी, वेग वाढला की ठिणगी लवकर पाडणारी अ‍ॅडव्हान्सची वजनं, इंजिनच्या ओढीवर तेच करणारा व्हॅक्यूमचा डायफ्राम, सगळं जुनंच राहतं. कॅपला तडा असेल तर ठिणगी तेव्हाही चुकीच्या जागी जात होती, आताही जाणार. "किट बसवलं, ट्यूनिंग संपलं" हे ऐकलं की मला हसू येतं.

मग फरक पडतो कुठे? सर्वांत आधी झिजण्यात. पॉइंटच्या हाताला कॅमवर घासणारा फायबरचा ठोकळा असतो. तो झिजला की गॅप कमी होते, पॉइंट उशिरा उघडतात आणि टायमिंग, म्हणजे ठिणगी पडायची वेळ, मागे जातं. ट्रक चढावर दम टाकायला लागतो आणि मालक कार्बोरेटर उघडून बसतो. मॉड्यूलमध्ये घासणारं काही नसल्याने एकदा लावलेलं टायमिंग तिथेच राहतं. रोज ट्रक चालवायचा असेल तर एवढा एक मुद्दा किटच्या बाजूने पुरेसा आहे.

पण शिकायचं असेल तर पारडं उलट झुकतं. पॉइंटना लागतात फीलर गेज (फट मोजायच्या पातळ पात्या), स्क्रू ड्रायव्हर आणि दोन वायरींचा टेस्ट लॅम्प. ठोकळा कॅमच्या उंचवट्याच्या बरोबर टोकावर आणायचा आणि मॅन्युअलमध्ये दिलेली गॅप लावायची. बहुतेक जुन्या ट्रकमध्ये ती ०.०१५ ते ०.०२० इंच, म्हणजे साधारण ०.४ ते ०.५ मिलिमीटर असते. गेजची पाती आधी पुसून घ्या. तिच्यावरचं तेल टिकल्यांवर राहिलं तर नवे पॉइंटही काही दिवसांत काळे पडतात. जुन्या पॉइंटवर एका टिकलीला खड्डा आणि दुसरीला टेंगूळ असतं. पाती टेंगळावर टेकते आणि प्रत्यक्ष गॅप मोजमापापेक्षा जास्त निघते. म्हणून वापरलेल्या पॉइंटसाठी ड्वेल मीटर खरा.

ड्वेल म्हणजे शाफ्ट फिरताना पॉइंट किती अंश मिटलेले राहतात ते. सहा सिलिंडरच्या डिस्ट्रिब्युटरमध्ये एका ठिणगीच्या वाट्याला ६० अंश येतात, त्यातला निम्म्याहून थोडा जास्त भाग ड्वेलचा असतो. गॅप वाढवली की ड्वेल कमी होतो आणि पॉइंट लवकर उघडतात, म्हणजे टायमिंग पुढे सरकतं. ड्वेलचा १ अंश बदलला की क्रँकवर टायमिंगही साधारण १ अंशाने हलतं. म्हणून आधी गॅप, मग टायमिंग. क्रम उलटा केला तर संध्याकाळपर्यंत तेच काम दोनदा कराल. मी तीनदा केलंय.

टायमिंगही लॅम्पवर लागतं, इंजिन सुरू न करता. पहिल्या सिलिंडरचा पिस्टन कॉम्प्रेशनला वर येत असताना पुलीवरची खूण सांगितलेल्या अंशावर आणा. लॅम्पचं एक टोक कॉइलवरून डिस्ट्रिब्युटरकडे जाणाऱ्या वायरीच्या टर्मिनलला, दुसरं अर्थला, म्हणजे इंजिनच्या उघड्या धातूला. चावी चालू. डिस्ट्रिब्युटरचा क्लॅम्प सैल करून तो रोटर फिरतो त्या दिशेला थोडा वळवा, दिवा विझेल. आता हळूहळू उलट दिशेला वळवा. दिवा लागला त्याच क्षणी पॉइंट उघडले. तिथेच क्लॅम्प आवळा. ठिणगी कधी पडते हे पुस्तक वाचून मला कळलं नव्हतं, त्या दिव्याने कळलं. मॉड्यूलमध्ये हा अनुभव मिळत नाही. तिथे थेट टायमिंग लाइट घ्यायचा, व्हॅक्यूमची नळी काढून तिचं तोंड बंद करायचं आणि आयडलला खूण पाहायची. रेस दिल्यावर खूण सलग पुढे सरकली पाहिजे. ती अडखळली किंवा हललीच नाही, तर आतली वजनं जाम आहेत. ही शेवटची तपासणी पॉइंटवाल्यांनीही चुकवू नये.

बिघाडाची तऱ्हाही वेगळी. पॉइंट आधी कुरकुरतात. सेल्फ जास्त वेळ मारावा लागतो, रेस घेताना मिसिंग होतं. रस्त्यातच बंद पडले तरी बारीक कानसीने टिकल्या घासून आणि गेज नसेल तर पुठ्ठ्याच्या तुकड्याने अंदाजे गॅप लावून घरी येता येतं. मॉड्यूल उत्तम चालतं, चालतं आणि एका क्षणी चालत नाही. ते उघडून दुरुस्त करायची सोय नाही. ते मरतं बहुधा बसवणाऱ्याच्या हातून. वायरी उलट जोडल्या की लगेच. चावी चालू ठेवून इंजिन बंद राहिलं तर काही मॉड्यूल तापून जातात (तशाच स्थितीत पॉइंट मिटलेले असतील तर कॉइलही तापते, तेव्हा ही सवय दोन्हीकडे वाईटच). कॉइलच्या वाटेवर बॅलास्ट रेझिस्टर (कॉइलचा करंट कमी करणारा रोध) असेल आणि मॉड्यूलला त्याच्या पुढून करंट दिला, तर पुरेसे व्होल्ट पोचत नाहीत. मॉड्यूलचा फीड रेझिस्टरच्या अलीकडून, चावीच्या बाजूने घ्यायचा. साध्या तांब्याच्या हाय टेन्शन वायरीही चालत नाहीत, रेझिस्टन्सवाल्या हव्यात.

पॉइंटच्या बाजूचा दुबळा गडी म्हणजे कंडेन्सर. तो बिघडला की पॉइंट जळतात आणि ठिणगी पिवळट, मरतुकडी होते. एकदा नवा कोरा कंडेन्सर बसवला आणि चालती गाडी बंद पडली. दोन दिवस इतर सगळं शोधत बसलो, कारण नव्यावर संशय घ्यायचं सुचलंच नाही. जुना चालत असेल तर नुसता नवा मिळाला म्हणून बदलू नका.

तरी निवड करण्याआधी एक गोष्ट हाताने पाहा. रोटर काढून डिस्ट्रिब्युटरचा शाफ्ट आडवा हलवा. तो खडखड हलत असेल तर बुश (शाफ्टला धरून ठेवणाऱ्या नळ्या) गेलेत. अशा डिस्ट्रिब्युटरमध्ये पॉइंट कितीही नेमके लावा, प्रत्येक फेरीला गॅप वेगळी पडेल आणि मीटरचा काटा नाचत राहील. मॉड्यूल ही ढिलाई बरीच सोसतं, म्हणून किट बसवताच ट्रक सुधारल्यासारखा वाटतो. पण दुखणं तिथेच राहतं. आधी बुश.

माझा कौल विचाराल तर शाफ्ट घट्ट असेल आणि ट्रक सुट्टीच्या दिवशीच निघत असेल, तर पॉइंट ठेवा आणि निदान दोनदा स्वतः लावा. रोजचा ट्रक असेल, त्यावर कामधंदा असेल, तर किट घ्या, पण ट्रक पॉइंटवर नीट चालू लागल्यावरच. अज्ञात बिघाडावर उपाय म्हणून किट बसवलं की दोन अनोळखी गोष्टींशी एकदम झुंजावं लागतं. ट्रक ६ व्होल्टचा असेल किंवा बॅटरीचा पॉझिटिव्ह अर्थला जोडलेला असेल, तर त्याचं किट वेगळं असतं. साधं १२ व्होल्टचं निगेटिव्ह अर्थचं किट पॉझिटिव्ह अर्थवर जळेल आणि ६ व्होल्टवर नीट चालणार नाही.

किट बसवणार असाल तर काढलेले पॉइंट आणि चालता कंडेन्सर फेकू नका. एका डब्यात घालून सीटखाली ठेवा. कॅप उघडायचा स्क्रू ड्रायव्हरही त्याच डब्यात.