अष्टपुत्री पिवळीच होती : लग्नाच्या फोटोग्राफरचा आठ महिन्यांनंतरचा अनुभव

जानेवारीत माझ्या ताईच्या लग्नाच्या फोटोंची लिंक आली. मी ती घरच्या ग्रुपवर टाकली आणि तासाभरात बार्शीहून मामाचा फोन. "काय रे, मी आणलेली अष्टपुत्री ताईनं नेसलीच नाही का?"

म्हटलं, मामा, गौरीहराच्या फोटोत तीच तर आहे.

"ती पिवळी होती. ही कुठली कांद्याच्या सालीच्या रंगाची?"

त्या दिवसापासून माझी आणि फोटोग्राफरची जी जुंपली, ती आत्ता अल्बम घरी आल्यावर थंडावली आहे. स्टुडिओचं नाव लिहीत नाही. माणूस वाईट नाही, आणि त्याच्या करारावर माझी सही आहे. ते पुढे येईलच.

पॅकेज, शीट, टीझर हे सगळं आता सगळ्यांना पाठ असतं, म्हणून थोडक्यात. कॅन्डिड (म्हणजे पोझ न देता, नकळत टिपलेले फोटो), दोन दिवस, दोन माणसं, बारा बाय छत्तीस इंचांचा तीस शीटचा, म्हणजे तीस जोडपानांचा, एक अल्बम : 85,000. बुकिंगच्या वेळी तोंडी "सगळं धरून", आणि बिलात वर 18 टक्के जीएसटी, म्हणजे 15,300 जादा. कर भरायला ना नाही हो, पण आधी सांगायला काय जातं? त्याशिवाय आईच्या हट्टापायी आमचे नेहमीचे स्टुडिओवाले काका, ट्रॅडिशनल, म्हणजे सगळ्यांना कॅमेऱ्याकडे बघायला लावून काढलेले फोटो, 22,000. या खर्चाला मी कडाडून विरोध केला होता, हे इथे कबूल करून ठेवतो.

निवड माझी आणि ताईची. त्याच्या इन्स्टावर आम्ही दोघंही भुललो. कलती उन्हं, सगळ्यावर मंद तपकिरी झाक, माणसं आपल्याच नादात हसतायत. आता ते पेज उघडून बघतो तेव्हा कळतं, की त्यातली निम्मी लग्नं रिसॉर्टमधली आहेत, हिरवळीवरची, आणि नवरी फिकट गुलाबी लेहेंग्यात. आमचं लग्न सिंहगड रस्त्यावरच्या कार्यालयात, मुहूर्त दुपारी 12 वाजून 24 मिनिटांचा. छताला ट्यूब, स्टेजवर पिवळे हॅलोजन, मागे दोघांची नावं फिरवणारी एलईडीची भिंत. पेजवर असलं एकही कार्यालय नव्हतं, आणि हे आमच्या दोघांच्याही डोक्यात आलं नाही.

आता रंगाबद्दल. घरचे म्हणतात मी याच एका गोष्टीवरून डोकं खातो. खातो.

आपल्या लग्नात रंग मुळात तीनच. हळदीचा पिवळा, चुड्याचा हिरवा, कुंकवाचा लाल. बाकी शालू-पैठण्या कुठल्याही असोत, नवरी गौरीहराशी बसते तेव्हा हे तिघं असतात. याच्या फोटोत अष्टपुत्री कांद्याच्या सालीची, तिचा लाल काठ विटकरी, आणि हिरवा चुडा वाळलेल्या मेथीसारखा. हळदीच्या फोटोंत ताईच्या गालाला हळद लावलीये की चंदनाचा लेप, ते ओळखून दाखवा.

कारण मी नंतर शोधून काढलं, आणि ते इतकं साधं आहे की राग अजून वाढला. ही मंडळी लाइटरूममध्ये, म्हणजे फोटो सुधारायच्या सॉफ्टवेअरमध्ये, एक प्रीसेट, म्हणजे आधीच ठरवून ठेवलेलं रंगांचं सेटिंग, सगळ्या फोटोंवर एका झटक्यात लावतात. त्यात प्रत्येक रंगाची वेगळी पट्टी असते. हिरव्याचा जोर काढून तो पिवळसर करायचा, पिवळा नारिंगीकडे ढकलायचा, आणि त्वचा ज्या नारिंगीत येते तो तेवढा उजळायचा. मागे झाडं आणि पुढे पांढऱ्या गाऊनमधली नवरी असेल तर हे झकास दिसतं, कारण मागचं हिरवं दबतं आणि माणूस उठून येतो. आमच्याकडे हिरवं ताईच्या मनगटावर होतं, त्याला काय करता?

फोन केला. "सर, तो आमचा सिग्नेचर टोन आहे." म्हटलं, सिग्नेचर तुमची, साडी आमच्या मामाची. तो हसला. मी हसलो नाही. मग म्हटलं, रॉ फाइली द्या, आम्ही बघून घेतो. रॉमध्ये कॅमेऱ्यानं टिपलेला सगळा प्रकाश जसाच्या तसा असतो, व्हाइट बॅलन्स, म्हणजे पांढरा पांढराच दिसावा म्हणून केलेली रंगांची जुळणी, नंतरही बदलता येतो. आपल्याला मिळते त्या तयार जेपेग फाइलमध्ये फार ओढाताण केली की फोटो फाटतो. तर म्हणे रॉ आम्ही कोणालाच देत नाही, ती आमची प्रॉपर्टी.

इथे मी जोरात आलो. 1957 च्या कॉपीराइट कायद्याचं 17 वं कलम असं आहे, की पैसे देऊन सांगून काढून घेतलेल्या फोटोचा पहिला मालक फोटो काढायला सांगणारा, म्हणजे आपण. हे त्याला मेसेजमध्ये लिहून पाठवलं. ग्राहक हेल्पलाइनचा 1915 नंबरही खाली टाकला, नुसता, धाक म्हणून. दहा मिनिटांनी त्यानं कराराचा फोटो पाठवला. कलमात पुढे "उलट करार नसेल तर" असे शब्द आहेत, आणि त्याच्या करारातला सहावा मुद्दा नेमका उलट करार आहे : हक्क स्टुडिओकडे, रॉ मिळणार नाही. खाली माझी सही, तारखेसकट. तेव्हा मी फक्त आकडा वाचला होता. तुम्ही सहावा मुद्दाही वाचा.

मग फेब्रुवारीत एक गोष्ट झाली, आणि ती न सांगता हा अनुभव लिहिला तर खोटं होईल. भाचीनं माझा मोबाइल घेतला आणि म्हणाली, "मामा, तुझी स्क्रीन अशी पिवळट का दिसते?" डोळ्यांना त्रास नको म्हणून मी आय कम्फर्ट मोड वर्षभर चालूच ठेवलाय. म्हणजे ज्या फोटोंवर मी महिनाभर भांडत होतो, ते मी दोन झाकांमधून बघत होतो, एक त्याची, एक माझी. तो मोड बंद केला तर काठ बराच लाल झाला. चुडा मात्र मेथीच राहिला, आणि साडी कांद्याच्या सालीवरून गव्हावर आली, पिवळी काही झाली नाही. तरी माझा आवाज थोडा खाली आला, हे खरं.

आवाज खाली आल्यावर फोटो नीट बघितले. आणि काय सांगू, माणसाची नजर आहे. मंगलाष्टका संपत असताना अंतरपाट खाली येतो तो क्षण किती लहान असतो. सगळे अक्षता टाकत पुढे घुसतात, वाजंत्री सुरू होते, कोणी कोणाला दिसत नाही. त्यानं तो अंतरपाट अर्धा उतरलेला पकडलाय, वरून भावजींचे फक्त डोळे आणि मुंडावळ्या, अक्षता हवेत, आणि त्या आडून ताई खाली बघतेय. दुसरा, कानपिळीचा. भावजी माझ्यापेक्षा सहा वर्षांनी मोठे, कान पिळू की नको अशा विचारात माझे दोन बोटं त्यांच्या कानापाशी नुसतीच अडकलीयेत, आणि ते स्वतःच कान पुढे करतायत. हे मला त्या वेळी कळलंही नव्हतं. हा फोटो काकांनीही काढलाय. त्यात आम्ही दोघं कॅमेऱ्याकडे बघतोय आणि मी कान धरून उभा आहे, बँकेत कागद धरावा तसा.

त्यामुळे माझं मत असं बदलत गेलं : फोटोग्राफर चांगला, रंगवणारा नको तितका हौशी. दोघं एकच असल्यामुळे पंचाईत. ताईला विचाराल तर तिला तो तपकिरीपणा अजूनही आवडतो, "क्लासी आहे, तुला कळत नाही." तिचं लग्न, तिचा चुडा, मी काय बोलणार.

शेवटी तडजोड झाली ती अल्बमच्या निमित्तानं. छापलेला फोटो स्क्रीनपेक्षा गडद येतो, कारण स्क्रीनला मागून उजेड असतो, कागदाला नसतो. तपकिरी फोटो मॅट कागदावर छापला तर गौरीहर नाही, ग्रहण दिसेल, असं मी त्याला म्हटलं आणि एक नमुना शीट आधी छापून मागितली. ती आली, आणि पहिल्यांदाच तो स्वतः म्हणाला, "सर, जरा डार्क आलंय." त्यानं साठ फोटो पुन्हा साध्या रंगात करून द्यायचे 6,000 सांगितले. 4,000 वर आणले. खरं तर एक रुपयाही द्यायला नको होता, पण मे महिना उजाडला होता आणि आई रोज विचारत होती. काम दोन दिवसांत झालं. दोन दिवसांत होणाऱ्या कामासाठी चार महिने, असो.

आता कोणी विचारलं, तर मी इन्स्टा बघूच नका म्हणतो. तीस लग्नांतले तीस सर्वोत्तम फोटो एकत्र केले की कोणीही देव दिसतो. एकाच लग्नाची अख्खी गॅलरी मागा, कार्यालयातल्या, भर दुपारच्या, आपल्यासारख्या लग्नाची. त्यात आधी चुडा बघा. चुडा हिरवा असेल तर पुढे बोला. मग विचारा की भेटायला आलेला माणूसच लग्नाला येणार की त्याचा पोरगा; आमच्याकडे तोच आला, त्याबद्दल तक्रार नाही. आणि स्टाइल आवडली तरी ती आपल्या साडीवर आवडणार आहे का, हे साडी हातात धरून ठरवा. आम्ही केळवणाच्या जेवणावर ठरवली.

मागच्या आठवड्यात अल्बम आला. पहिल्यांदा गौरीहराचं पान उघडलं, मोबाइलवर फोटो काढला आणि मामाला पाठवला. लगेच फोन.

"हां, आता पिवळी. छान. पण काय रे, मी कुठाय?"

म्हटलं, असशील ना मामा, थांब. गॅलरीत चेहरा टाकून शोधायची सोय आहे, मामाचा फोटो टाकला. 1,140 फोटोंत मामा दोन ठिकाणी निघाला, दोन्हीकडे मागे, धूसर, जिलबीच्या ताटाशेजारी. हातानं शोधल्यावर तिसरा सापडला : ताईला अंतरपाटाकडे नेताना तिच्या कोपराखाली धरलेला एक हात, घड्याळावरून ओळखला. ज्या माणसानं नवरीला बोहल्यावर आणलं त्याचं एवढंच.

मग आईनं काहीही न बोलता कपाटातून काकांचा अल्बम काढून माझ्यासमोर ठेवला. त्यात मामा सोळा फोटोंत आहे, मधोमध, फेटा बांधून, शेजारी झगझगीत पिवळी अष्टपुत्री. बारा फोटोंत त्याचे डोळे मिटलेले आहेत.