रानटी लेट्यूसचं बियाणं: उगवण झकास, नाव भलत्याचंच

पाकिटावर ठसठशीत ‘लॅक्टुका व्हिरोसा’ छापलंय. वाफ्यात उभं आहे ते लॅक्टुका सेरिओला, म्हणजे काटेरी लेट्यूस. दोन्ही एकाच कुळातली रानझाडं, पण एक नाहीत. विक्रेत्याचं नाव घेत नाही. घेणाऱ्याला फरक ओळखता यावा एवढ्यासाठी लिहितोय.

आधी चांगलं सांगतो. बियाणं ताजं होतं, जवळपास सगळं उगवलं. पाकिटामागच्या सूचनेत मात्र ‘बी एक सेंटिमीटर खोल पेरा’ असं आहे, ते अजिबात ऐकू नका. या बियांना उगवायला उजेड लागतो. ओल्या, भुसभुशीत मातीवर नुसत्या भुरभुरायच्या, तळहाताने हलकेच दाबायच्या आणि पाणी फवाऱ्यानेच द्यायचं. झारीची धार लागली की सगळ्या एका कोपऱ्यात. हवा १५ ते २० अंशांची असेल तर उत्तम. तीसच्या वर गेली की बी रुसतं.

सोटमूळ लवकर खाली जातं, म्हणून ट्रेमध्ये रोपं करून नंतर हलवण्यापेक्षा कायमच्या जागीच पेरावं आणि विरळणी करावी. दोन रोपांत फूटभर अंतर हवंच. खताचे लाड नकोत, पाणी साचू द्यायचं नाही, ऊन भरपूर. कोवळेपणी गोगलगायी आणि फुलोऱ्यावर मावा, एवढंच काय ते बघायचं.

आता ओळख. पानामागच्या मधल्या शिरेवर काट्यांची रांग असते, पण ती दोन्हींत, त्यामुळे तिच्यावरून काही ठरत नाही. मला शंका आली ती पानांच्या ठेवणीवरून. भर उन्हातल्या रोपांची खोडावरची पानं बुडाशी पीळ घेऊन कडेवर उभी राहिली, आणि बहुतेकांची टोकं उत्तर-दक्षिण. दुपारचं ऊन अंगावर कमी यावं म्हणूनची ही सोय. सेरिओलाला ‘होकायंत्र-झाड’ म्हणतात ते यामुळेच. कुंपणाच्या सावलीतली रोपं मात्र पानं नेहमीसारखी पसरून होती. व्हिरोसाची पानं आडवीच राहतात, आणि खोडाला बिलगणारे पानाचे कान गोलसर असतात. माझ्याकडचे बाणासारखे टोकदार निघाले. पक्का पुरावा बियांचा: व्हिरोसाचं बी काळपट-जांभळं, सेरिओलाचं राखाडी-हिरवट आणि टोकाशी बारीक लव. भिंग घेऊन बघा, लगेच दिसतं.

पाकिटावर आणखी एक ओळ आहे, ‘नैसर्गिक अफू, शांत झोपेसाठी’. ही मला नावापेक्षा जास्त खटकली. खोड मोडलं की पांढरा चीक येतो, तो वाळून तपकिरी होतो. १९व्या शतकात तो औषध म्हणून विकला जायचा हे खरं. पण त्यातली कडू द्रव्यं लॅक्ट्युसिन आणि लॅक्ट्युकोपिक्रिन, अफूशी त्यांचा संबंध नाही. जास्त पोटात गेल्याने विषबाधा झाल्याच्या नोंदी आहेत. बागेच्या बियाण्यावर असली जाहिरात करणं हा निव्वळ बेजबाबदारपणा आहे. चिकाने काहींच्या हाताला खाजही सुटते, तेव्हा छाटताना हातमोजे घाला.

झाड म्हणून मला ते आवडलं, हेही सांगायला हवं. डोक्याच्या वर गेलं, फिकट पिवळी फुलं सकाळी उघडून दुपारच्या आत मिटतात. फक्त बी धरायच्या आत शेंडे कापा. प्रत्येक बियाला म्हातारीच्या केसांसारखा पिसारा असतो, आणि एकदा वारा लागला की शेजाऱ्यांच्या कुंड्याही तुमच्याच.

पाचपैकी दोन तारे, तेही उगवणीचे. तक्रार केल्यावर विक्रेत्याने वाद न घालता बदली पाकीट पाठवलं. पेरण्याआधी भिंगाखाली धरलं, तर पुन्हा तेच राखाडी-हिरवट बी. आता पैसे परत मागितलेत.