ओम्नीला आतून फोमचा बंपर: अख्खा पावसाळा काढल्यानंतरचा अनुभव

उन्हाळ्यात आमच्या जुन्या ओम्नीच्या दोन्ही बंपरच्या आत फोमचा जुगाड करून घेतला होता, आता पावसाळा आणि दिवाळीचा सीझनही निघून गेलाय म्हणून सविस्तर लिहितो. गाडी केटरिंगच्या कामाची, म्हणजे पातेली, डबे, भाजीची पोती आणि रोज कुठल्यातरी मंगल कार्यालयाच्या मागच्या बोळात रिव्हर्स. कुठे खांब, कुठे जनरेटर, कुठे दुसऱ्या कॅटररचा टेम्पो, बंपर ठोकल्याशिवाय लग्नसराई जायची नाही.

आधी एक सांगतो, याने गाडी सेफ होत नाही. ओम्नी १९८४ मध्ये आलेली गाडी, इंजिन सीटखाली, ड्रायव्हरच्या गुडघ्यापुढे पत्राच काय तो, आणि २०१९ मध्ये नवीन सेफ्टी नियमांमुळेच तर बंद झाली. हिशोब करा ना, भरलेली गाडी १००० किलो धरली तर ताशी ५ किमीला साधारण ९६५ ज्यूल एनर्जी. ७ सेंमी जाड फोममधला ५ सेंमी दबला तर सरासरी जोर २ टनाच्या आसपास येतो, आणि काहीच न दबता पत्रा फक्त १ सेंमी आत गेला तर तोच १० टन. पण स्पीड ४० केला की एनर्जी ६४ पट, तिथे कसला फोम अन् कसलं काय.

फोम भंगारातल्या एका सेडानच्या बंपरमधला, काळा, दाणेदार, ईपीपी म्हणतात तो. थर्माकोल चालत नाही, एकदा चेपला की चेपलाच. रबराचे जाड फेंडरही बरेच जण सुचवतात पण रबर दाबलेला जोर परत देतं, गाडी उसळून मागे येते. ओरिजिनल बंपर तसाच ठेवला, पोकळीत फोम कापून बसवला, त्याच्या मागे १६ गेजच्या पत्र्याचं वाकवलेलं चॅनेल.

खरी गंमत बंपर बॉडीला धरून ठेवणाऱ्या ब्रॅकेटमध्ये आहे. वेल्डर पाच एमएमचा अँगल लावायला निघाला होता, "साहेब, ट्रकने ठोकलं तरी हलणार नाय." मला नेमकं तेच नको होतं, कारण ब्रॅकेट वाकलं नाही तर बॉडीचं चॅनेल वाकतं आणि मग डेंटिंगवाल्याचं बिल बघून घाम फुटतो. म्हणून जुनीच पातळ ब्रॅकेटं ठेवली, बोल्ट तेवढे नवीन. लोकं ओम्नीला समोर लोखंडी गार्ड लावतात त्याचाही हाच घोळ, शिवाय पायी चालणाऱ्याची हाडं मोडतात ती वेगळीच. अशा गार्डवर, म्हणजे बुल बारवर, डिसेंबर २०१७ पासून बंदी आहे तरी लावतातच. आमचं बाहेरून काही दिसत नाही, एक इंचही पुढे आलेलं नाही, नंबर प्लेट जागेवर.

गणपतीच्या आधी मागे एक लोखंडी खांब चांगलाच लागला. रात्री बंपर उघडून पाहिला तर फोमला खांबाची गोल खाच पडलेली, बोट बसेल एवढी खोल. सकाळी बघतो तर बरीचशी भरून आलेली! कडेला दोन बारीक चिरा राहिल्या, पण मागचं दार नेहमीसारखं लागत होतं, पूर्वी एवढ्या धक्क्यात दाराची लाइन हमखास जायची.

आता तक्रारी. पावसात फोमच्या मागे चिखल साठतो, खालून भोकं पाडून घ्याच, नाहीतर चॅनेल गंजतं (माझ्या चॅनेलला रेड ऑक्साइड मारूनही वेल्डच्या जागी गंज दिसतोय). स्पीड ब्रेकरवर किरकिर यायची, सायकलच्या ट्यूबचे तुकडे मध्ये घातल्यावर गेली. उंदरांनी एक कोपरा कुरतडलाय, आमच्या गाडीला जेवणाचा वास असतो त्याला इलाज नाही. पुढच्या बाजूला हवेची वाट बुजवू नका, दिवे घाटात टेंपरेचरच्या काट्यावर मुद्दाम लक्ष ठेवून होतो, काही वाढला नाही.

सगळ्यात खर्चिक होती मजुरी, फोम जवळपास फुकटात. शेजारचे काका त्यांच्या नवीन ईकोला असंच करून दे म्हणतायत, त्यांना साफ नाही सांगितलं. त्या गाडीला एअरबॅग आहेत, पुढचा भाग कमीजास्त कडक झाला तर सेन्सरला धक्का वेगळाच कळणार, आणि तो हिशोब वेल्डरच्या दुकानात होत नाही.