एचपी५ प्लससाठी डी-७६ की रॉडिनाल?

एचपी५ प्लस या कृष्णधवल फिल्मचे रोल घरात आहेत, पण डेव्हलपर (फिल्मवर चित्र उमटवणारं रसायन) डी-७६ आणावा की रॉडिनाल यावर गाडी अडली असेल, तर हे वाचा. मी दोन्ही वापरले आहेत.

नुसत्या प्रिंटचा विचार केला तर डी-७६ सरस, हे मान्य करायला हवं. त्यातलं भरपूर सोडियम सल्फाइट चांदीच्या कणांच्या कडा किंचित विरघळवतं, म्हणून दाणा, म्हणजे चित्रात दिसणारी कणांची रवाळ खर, मऊ येतो. चेहऱ्यावरच्या करड्या छटा सलग उतरतात. १:१ द्रावण (जितका डेव्हलपर तितकंच पाणी), २० अंशांना ११ मिनिटं, आणि फिल्मचा वेग, म्हणजे प्रकाशाची संवेदनशीलता, ४०० धरता येतो. रॉडिनालमध्ये (१:५०, ११ मिनिटं) दाणा टोकदार दिसतो आणि सावल्यांतला तपशील थोडा हरवतो. म्हणून फिल्मला जास्त प्रकाश मिळावा यासाठी मी प्रकाश मोजणारा मीटर २००वर ठेवतो.

तरी माझ्या फळीवर आता रॉडिनालच आहे. कारण एकच, ती अर्धी बाटली.

डी-७६ची पूड विरघळवली की लिटरभर द्रावण होतं. माझे महिन्याला जेमतेम दोन रोल. एका रोलला दीडशे मिली, म्हणजे लिटर संपायला तीन महिने. अर्धी रिकामी बाटली दोन महिन्यांपुढे वापरू नये म्हणतात, त्यात पुण्याचा एप्रिल-मे. एका वर्षी पालखीचे दोन रोल अशाच जुन्या द्रावणात धुतले. दिसायला ते ठीकच होतं. निगेटिव्ह मात्र इतकी पातळ निघाली की वारकऱ्यांचे चेहरे शोधावे लागले. त्यानंतर दर वेळी आधी फिल्मचा तुकडा बुडवून पाहायचो, तरी मनातली धाकधूक जात नसे.

रॉडिनाल १८९१ सालापासूनचं. बाटलीतला द्रव कोऱ्या चहासारखा काळपट झाला तरी काम करतो. फिल्म धुण्याच्या ३०० मिलीच्या टँकला सिरिंजने ६ मिली घ्यायचा, वापरून झाला की टाकून द्यायचा. माझी बाटली चौथ्या वर्षात आहे आणि निगेटिव्ह अजून पहिल्यासारखीच दाट येते. उन्हाळ्यात टँक बर्फाच्या टबात ठेवून २४ अंशांवर आणतो, मग आठेक मिनिटं पुरतात. पण ती खटपट डी-७६लाही चुकत नाही. टँक मिनिटातून एकदाच, हळुवार उलटवला तर दाणाही आवरता राहतो, निदान माझ्या डोळ्यांना तरी. जुन्या वाड्यांच्या दगडी भिंतींवर तर तो मला शोभूनच दिसतो.

तुम्ही मुख्यतः चेहरे टिपत असाल आणि आठवड्याला दोन-तीन रोल होत असतील, तर डी-७६ बिनधास्त घ्या, बाटली वेळेत संपेल. रोल माझ्यासारखे सावकाश होत असतील, तर रॉडिनाल आणा, सोबत १० मिलीची सिरिंज, आणि पहिला रोल २००वर काढून पाहा.