मिरज जंक्शन: गाडी बदलायची असेल तर इथेच बदला

पुणे, कोल्हापूर, बेळगाव, पंढरपूर यातल्या कुठूनही कुठेही जायचंय आणि थेट गाडी नाहीये, तर सरळ मिरजेला उतरा आणि पुढची पकडा, कुणी विचारलं की मी हेच सांगतो. चारही बाजूंच्या लाईनी इथे एकत्र येतात आणि उतरल्यावर स्टेशन सोडून कुठे धावायला लागत नाही, सामान घेऊन ब्रिज चढला की झालं.

बऱ्याच जणांची तक्रार असते की गाडी मिरजेला फार वेळ थांबते. पण हरिप्रिया एक्स्प्रेसने कोल्हापूरहून बेळगावकडे जाताय ना, तर डब्यात बसून मोबाईल बघू नका, खाली उतरून इंजिनापाशी जा. कोल्हापूरची आणि बेळगावची अशा दोन्ही लाईनी स्टेशनच्या एकाच टोकाला फुटतात, त्यामुळे कोल्हापूरहून आलेली गाडी आल्या दिशेलाच परत निघते आणि म्हणून इंजिन पुढचं काढून मागे लावावं लागतं. माणूस दोन डब्यांच्या मधोमध उतरतो, ब्रेकचे पाइप सोडतो, कपलिंग ढिलं करून आकड्यातून काढतो, हात करतो आणि इंजिन एकटंच पुढे निघून बाजूच्या लाईनीने गाडीच्या शेपटाकडे येतं. मग परत हलकेच टेकतं, पाइप जोडले की सूं करून हवा भरते. लहान मुलं बरोबर असतील तर नक्की दाखवा, फक्त प्लॅटफॉर्मवरूनच बघायचं.

हे असं का, तर मूळ रस्ता पुणे ते बेळगावच्या पुढचं लोंढा. १८९० च्या सुमारास सदर्न मराठा रेल्वेने टाकलेली ही मीटरगेज लाईन (गेज म्हणजे दोन रुळांमधलं अंतर, इथे एक मीटर), त्यामुळे पुण्याहून बेळगावला जाणारी गाडी मिरजेतून सरळ निघते. कोल्हापूरची लाईन नंतरची, ती संस्थानची. १८८८ ला शाहू महाराजांच्या हस्ते पायाभरणी झाली आणि १८९१ ला गाडी सुरू झाली. पुढे १९०७ मध्ये सांगली संस्थानने मिरजेहून आपला छोटा फाटा काढला, आणि १९२७ ला बार्शी लाईट रेल्वे या कंपनीची नॅरोगेज पंढरपूरवरून मिरजेपर्यंत आली, तिचं दुसरं टोक थेट लातूर!

आता खरी गंमत ऐका. १९७१ मध्ये पुणे ते कोल्हापूर ब्रॉडगेज झालं पण बेळगावकडची लाईन मीटरगेजच राहिली आणि पंढरपूरची नॅरोगेज, म्हणजे नव्वदीच्या दशकापर्यंत या एका स्टेशनात तिन्ही गेज नांदत होते, १६७६ मिलिमीटर, १००० आणि ७६२. एका गेजचा डबा दुसऱ्या रुळावर जाणारच नाही, त्यामुळे पोतं असो की गुळाची ढेप, माल हमालांनी एका वॅगनमधून काढून दुसरीत भरायचा, आणि बेळगावहून पुण्याला निघालेल्या माणसानेही इथे उतरून गाडी बदलायची. मिरज इतकं मोठं का झालं याचं अर्धं उत्तर मला तरी यातच दिसतं. बेळगावकडची लाईन नव्वदीत ब्रॉडगेज झाली, पंढरपूरची २०१० च्या आसपास. माझी मनापासून इच्छा आहे की तिन्ही मापांचे रूळ प्लॅटफॉर्मवर शेजारी शेजारी मांडून ठेवावेत, पोरांना एका नजरेत कळेल.

आणि पंढरपूरची ही लाईन ब्रॉडगेज होणं किती कामाचं ठरलं ते २०१६ मध्ये सगळ्या महाराष्ट्राने बघितलं. लातूर कोरडं पडलं तेव्हा एप्रिलमध्ये कृष्णेचं पाणी भरून पहिली जलदूत, म्हणजे पाण्याची गाडी, इथूनच सुटली, १० वॅगन, साधारण ५ लाख लिटर, नंतर ५० वॅगनची गाडी म्हणजे एका फेरीला २५ लाख लिटर. पंढरपूर, कुर्डुवाडीवरून लातूरला जाणारा हा रस्ता नॅरोगेजच राहिला असता तर इतक्या जड वॅगन त्यावरून नेताच आल्या नसत्या. मिरज जंक्शनबद्दल मला सगळ्यात जास्त अभिमान याचाच वाटतो.

स्टेशनातलं वातावरण छान, दिवसभर माणसांनी भरलेलं. एका बाकावर मराठी, शेजारच्या बाकावर कानडी, चहावाला दोन्हीत बोलतो. दवाखान्यांचं गाव असल्याने हातात एक्सरेची मोठी पाकिटं धरलेले, कर्नाटकातून आलेले पेशंट आणि त्यांचे नातेवाईक कायम दिसतात. आणि मिरज म्हणजे तंतुवाद्यांचं माहेर, त्यामुळे कधी गोधडीत गुंडाळलेला तंबोरा मांडीवर आडवा घेऊन बसलेला माणूसही दिसतो, भोपळ्याला धक्का लागू नये म्हणून गर्दीत तो सगळ्यात शेवटी चढतो. खायला भडंग घ्या, या भागात आलात आणि भडंग न घेता गेलात असं करू नका.

माझ्याकडून पाचपैकी साडेचार. अर्धा कापला तो ब्रिजसाठी, जड बॅगा घेऊन चढ-उतार करताना म्हाताऱ्या माणसांचे हाल होतात, त्यांना घेऊन येत असाल तर दोन गाड्यांमध्ये निदान तासभर ठेवा. आणि तीन-चार तास मिळाले तर सामान क्लोकरूमला देऊन रिक्षाने मीरासाहेब दर्ग्याकडे जा, सतार बनवणाऱ्यांची गल्ली तिथेच जवळ आहे.